गिटारीवरील स्वरमाला आणि उपज



कामगार संघटनेत उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावरून गिटारीविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वेतनकरार, बोनस, कामाचे तास हे आमचे नेहमीचे विषय. त्यांवर आम्हांला झोपेतून उठवून बोलावयास सांगितले तरी आम्ही बोलू. परंतु आजचा विषय त्यांच्यापासून वाटतो तितका दूर नाही. आधी न लिहिलेले, न घोकलेले असे काही वादकाने बसल्या जागी सुचेल तसे वाजवावे, यास इंग्रजीत 'इम्प्रोव्हायझेशन' म्हणतात. आपल्या गवयांनी त्याला 'उपज' हा फार चांगला शब्द दिला आहे. आणि ही उपज साधावी म्हणून स्वरांची जी शिस्त अंगी बाणवावी लागते, ती म्हणजे 'स्केल'. आम्ही तिला स्वरमाला म्हणू. शिस्त आणि मोकळीक यांचे नाते काय, हा प्रश्न सहा तारांच्या वाद्यावर जसा पडतो, तसाच तो कोणत्याही सभेत आणि कोणत्याही संघटनेत पडतो.

आम्ही काही संगीतपंडित नाही. आमची शाळा लवकर सुटली; पुढे जे शिकलो ते ग्रंथालयातल्या पुस्तकांकडून आणि भोवतालच्या माणसांकडून. गिटार हाती धरली तीही चाळिशी उलटल्यावर. तेव्हा येथे बसलेल्या जाणत्यांना काही नवे सांगण्याचा आमचा दावा नाही. ज्यांनी अजून कोणत्याही वाद्याला हात लावलेला नाही, आणि आता आपल्याच्याने ते होणार नाही असे ज्यांनी मनाशी ठरवून टाकले आहे, त्यांच्याशी आम्हांला बोलावयाचे आहे.

अशा माणसाच्या वाटेत दोन समजुती आडव्या येतात. पहिली अशी की, उपज ही दैवी देणगी आहे. ती ज्याला आहे त्याला आहे, इतरांनी टाळ्या वाजवाव्यात. दुसरी समजूत याच्या उलट. ती म्हणते, स्वरमाला घोटा, वर जा, खाली या, वेग वाढवा. एक दिवस उपज आपोआप येईल. पहिल्या समजुतीमुळे माणूस आरंभच करीत नाही. दुसरीमुळे तो आरंभ करतो आणि वर्षभराने कंटाळून गिटार खुंटीला टांगतो. या दोहोंमधून जी खरी वाट जाते, ती दाखविण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम वाद्य पाहू. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, ते सरकविता येतात. गिटारीचे पडदे दांडीत ठोकून पक्के बसविलेले असतात. तारेची मोकळी लांबी साधारण ६५ सेंटिमीटर धरली, तर बारावा पडदा बरोबर मध्यावर येतो आणि तेथे तार दाबली की मोकळ्या तारेच्या षड्जाचा तार षड्ज मिळतो. मधल्या अंतराचे बारा भाग कसे करावयाचे? गॅलिलिओ या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाचे वडील विन्चेन्झो गॅलिली हे ल्यूट नावाच्या वाद्याचे वादक होते. त्यांनी १५८१ साली छापलेल्या ग्रंथात एक सोपा हिशेब दिला: उरलेल्या लांबीचा अठरावा भाग मोजा, तेथे पडदा बसवा, पुन्हा उरलेल्याचा अठरावा भाग मोजा, तेथे पुढचा. आमच्या ६५ सेंटिमीटरच्या तारेवर पहिला पडदा सुमारे ३.६ सेंटिमीटरवर येतो. आज कारागीर १८ ऐवजी १७.८१७ ने भागतात, एवढाच फरक.

या बारा पायऱ्या सारख्या असल्यामुळे काय झाले? एका ठिकाणी शिकलेली बोटांची रचना उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवली तरी तीच चाल वाजते. षड्ज तेवढा बदलतो. ही सोय फुकट मिळालेली नाही. बारा सारख्या पायऱ्या पाडल्या की प्रत्येक स्वराला थोडथोडी माघार घ्यावी लागते. गिटारीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. पेटीचेही तेच आहे. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर काढले, त्या वेळच्या आक्षेपांत हा एक होता. आम्हांला या पडद्यांत एक करार दिसतो. प्रत्येक स्वराने थोडे सोडले म्हणून सर्वांना एका वाद्यावर नांदता आले. करार म्हटला की त्यात तोटाही असतो. तो कोठे आहे हे ठाऊक असावे, म्हणजे तो भरून काढता येतो. तो कसा, ते पुढे सांगू.

गिटारीच्या सहा तारा जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. शेजारच्या दोन तारांमध्ये षड्ज-मध्यमाचे, म्हणजे पाच पडद्यांचे अंतर असते. फक्त जी आणि बी या तारांमध्ये ते षड्ज-गंधाराचे, म्हणजे चार पडद्यांचे असते. नवशिक्याची बोटे नेमकी येथेच अडखळतात. कारण समजले की बी तारेवर आकृती एक पडदा पुढे सरकवावी लागते हे लक्षात येते, आणि मग गोंधळ उरत नाही.

आता स्वरमाला. बारा पायऱ्यांतून काही निवडावयाच्या आणि बाकीच्या ओलांडावयाच्या, इतकाच स्वरमालेचा अर्थ. दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक अशा पडद्यांच्या ढांगा टाकल्या की पाश्चात्त्यांचे मेजर स्केल होते. आपल्याकडे त्याला बिलावल थाट म्हणतात. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत जी मांडणी केली, तिच्यातले सहा थाट युरोपातील जुन्या चर्चसंगीताच्या स्वरमालांशी जुळतात. बिलावलाचे तेच सात स्वर घ्या आणि रिषभाला षड्ज माना: काफी झाला, ते त्याला डोरियन म्हणतात. गंधाराला षड्ज माना: भैरवी, म्हणजे त्यांचा फ्रिजियन. मध्यमापासून कल्याण, म्हणजे लिडियन. पंचमापासून खमाज, म्हणजे मिक्सोलिडियन. धैवतापासून आसावरी, म्हणजे एओलियन. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे मात्र त्या जुन्या यादीत सापडत नाहीत. तेव्हा ज्या मराठी माणसाने नाट्यपदे आणि अभंग ऐकत कान तयार केले आहेत, त्याला गिटारीच्या पुस्तकातील ही परकी नावे पाहून बिचकण्याचे कारण नाही. नावे परकी आहेत. स्वर घरचे आहेत.

गिटार शिकणाऱ्याला बहुधा सात स्वरांच्या आधी पाच स्वरांची माला देतात, आणि ते योग्यच आहे. सा, रे, ग, प, ध हे आपल्या भूपाचे स्वर. याच भूपाच्या धैवताला षड्ज धरून वाजविले की सा, कोमल ग, म, प, कोमल नि असे स्वर मिळतात. हे धानी रागाचे स्वर. पाश्चात्त्य त्यांना मायनर पेंटॅटोनिक म्हणतात. जाड तारेचा पाचवा पडदा षड्ज मानला, तर पाचव्या ते आठव्या पडद्याच्या चौकटीत, प्रत्येक तारेवर दोन-दोन याप्रमाणे बारा स्वर हाताखाली येतात. हात जागचा हलवावा लागत नाही. अशा पाच चौकटी शिकल्या की सबंध दांडी व्यापते.

या पंचस्वरी मालेचा सर्वांत मोठा उपयोग ज्यांनी केला ते अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय कष्टकरी होते. कापसाची शेते, रेल्वेचे रूळ, नदीचे बांध आणि तुरुंगाची सक्तमजुरी यांतून त्यांचे 'ब्लूज' हे गाणे निघाले. त्याचा साचा बारा भागांचा, प्रत्येक भागात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे आवर्तन. साथीला तीनच स्वरसंघ, ज्यांना कॉर्ड म्हणतात: एक षड्जावरचा, एक मध्यमावरचा, एक पंचमावरचा. गंमत अशी की, षड्जावरच्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार वाजत असतो आणि त्याच वेळी वादक वरून कोमल गंधार वाजवितो. ही चूक नव्हे. तो तार बोटाने बाजूस ढकलून कोमल गंधार थोडा वर चढवितो आणि दोन गंधारांच्या मधल्या जागी आणून सोडतो. आपण याला मींड म्हणू. कराराचा जो तोटा मघाशी सांगितला, तो असा भरून निघाला: पडद्याने जे काढून घेतले, ते बोटाने परत मिळविले. मिसिसिपीच्या शेतांत कापूस वेचणारे आणि ट्रॅक्टर चालविणारे बी. बी. किंग पुढे याच एका कलेच्या बळावर जगभर ऐकले गेले. त्यांचे वादन ऐकावे. ते स्वर थोडे घेत, पण जो घेत तो पुरेपूर वाजवीत.

येथपर्यंत आपण स्वरमाला पाहिली. परंतु थाट म्हणजे राग नव्हे, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच; पण गवई एका रागात गंधाराभोवती फिरतो, दुसऱ्यात धैवताभोवती, आणि राग वेगळे होतात. गिटारीचेही तसेच आहे. स्वरमाला सांगते की कोणत्या पायऱ्या वापरावयाच्या. कोणत्या पायरीवर केव्हा थांबावयाचे, हे ती सांगत नाही. ते ज्याने गिटारीला प्रथम ठळकपणे शिकविले, त्या माणसाची हकीकत सांगितली पाहिजे.

चार्ली ख्रिश्चन यांचा जन्म १९१६ सालचा, टेक्सासमधला. ओक्लाहोमा शहरातील गरीब वस्तीत ते वाढले. वडील आंधळे होते आणि मुलांना घेऊन रस्त्यावर गाणे-बजावणे करून पोट भरीत. शाळेत असताना चार्ली चिरूटाच्या खोक्यांची गिटार बनवीत, अशी आठवण त्याच वस्तीत वाढलेले कादंबरीकार राल्फ एलिसन यांनी लिहून ठेवली आहे. १९३९ च्या ऑगस्टमध्ये बेनी गुडमन या प्रख्यात वाद्यवृंदप्रमुखापुढे त्यांना उभे करण्यात आले. गुडमन यांना ते फारसे मानवले नव्हते. या खेडवळ पोराला येणार नाही अशा समजुतीने त्यांनी 'रोझ रूम' ही चाल धरली, असे सांगतात. चार्लींना ती येत होती. आणि ती एक चाल पाऊण तास चालली.

त्यांच्या वादनाचे मर्म असे. ते नुसत्या स्वरमालेच्या शिडीवर चढ-उतार करीत नसत. खाली जो कॉर्ड वाजत आहे, त्याची बोटांची आकृती ते मनात धरीत आणि तिच्या आधाराने वाक्य रचीत. कॉर्ड बदलला की वाक्याचा रोख बदले. एक उदाहरण देतो; आपल्यापैकी कोणाच्या घरी गिटार असेल तर आज रात्रीच करून पाहावे. ब्लूजच्या पहिल्या चार भागांत षड्जाचा कॉर्ड असतो: सा, शुद्ध ग, प, कोमल नि. पाचव्या भागात मध्यमाचा कॉर्ड येतो: म, ध, सा, कोमल ग. आता पाहा, शुद्ध गंधार एक पडदा खाली उतरला की कोमल गंधार होतो आणि कोमल निषाद एक पडदा खाली उतरला की धैवत होतो. नेमक्या पाचव्या भागाच्या पहिल्या मात्रेवर एवढे एकच पाऊल टाका. साथीला कोणी नसले तरी ऐकणाऱ्याला कॉर्ड बदलल्याचे कळेल. शंभर स्वरांची धावपळ जे सांगू शकत नाही, ते हा एक स्वर सांगतो.

गुडमन यांचा कार्यक्रम आटोपला की चार्ली रात्री न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील ११८ व्या रस्त्यावर 'मिंटन्स प्लेहाऊस' नावाच्या जागी जात. तेथे पहाटेपर्यंत वादकांच्या बैठकी चालत. त्यांत पियानोवर थेलोनियस मंक आणि ड्रमवर केनी क्लार्क असत. पुढे 'बीबॉप' म्हणून नाव पावलेले नवे जाझसंगीत ज्या थोड्या जागी घडले, त्यांतली ही प्रमुख. आता आमच्यासारख्याला रस वाटावा अशी गोष्ट येथे आहे. वादकांच्या संघटनेचा, अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सचा, नियम होता की सभासदाने मोबदल्याशिवाय वाजवू नये. फुकट बैठकींत वाजविणाऱ्याला दंड होई. परंतु या जागेचे मालक हेन्री मिंटन हे स्वतः सॅक्सोफोनवादक, आणि संघटनेच्या न्यूयॉर्कमधील ८०२ क्रमांकाच्या शाखेचे पहिले कृष्णवर्णीय प्रतिनिधी होते. त्यांच्या जागेकडे संघटनेचे तपासनीस कानाडोळा करीत.

यात बरोबर कोण होते? आमचे उत्तर असे की, नियम बरोबर होता आणि अपवादही बरोबर होता. नियम नसता तर प्रत्येक मालकाने 'जरा वाजवून दाखवा' म्हणत वादकांना फुकट राबविले असते. आणि अपवाद नसता तर वादकांना गिऱ्हाइकाची पर्वा न करता आपसांत शिकण्याची जागाच उरली नसती. नियम कोठे सैल करावा हे त्यालाच कळते, ज्याला तो नियम का झाला हे कळलेले असते. मिंटन्समधील वादक स्वरमालेबाहेरचे स्वर, विशेषतः तीव्र मध्यम, बेधडक घेत. पण ते बाहेर जात तेव्हा परत कोणत्या स्वरावर यावयाचे हे त्यांना पक्के ठाऊक असे. ज्याला घराची वाट ठाऊक नाही तो हिंडत नाही, हरवतो.

१९४१ साली जेरी न्यूमन नावाच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने तेथे यंत्र नेऊन काही बैठकी तबकड्यांवर मुद्रित केल्या. त्या फार मोलाच्या ठरल्या, कारण १ ऑगस्ट १९४२ पासून त्याच संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. तबकड्यांच्या विक्रीतून बेकार वादकांच्या निधीसाठी रक्कम मिळावी, ही मागणी होती. एका कंपनीने १९४३ साली ती मान्य केली आणि दोन मोठ्या कंपन्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये. मागणी न्याय्य होती आणि ती जिंकलीही गेली. पण नव्या संगीताच्या घडणीची ती वर्षे बहुतांशी अमुद्रित राहिली. लढ्याची किंमत पडते, ती ही अशी. चार्ली ख्रिश्चन मात्र ते पाहावयास उरले नव्हते. २ मार्च १९४२ रोजी वयाच्या पंचविसाव्या वर्षी क्षयाने त्यांचा अंत झाला. गिरणगावाने हा रोग चाळीचाळींतून पाहिला आहे. त्याविषयी अधिक बोलावयास नको.

हे वाद्य आणि ही उपज आपल्या मुलखापासून दूर राहिली असेही नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या वाद्यवृंदात बसत. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनिओ झेवियर वाझ, हे त्यांतले एक. सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या 'अलबेला' मध्ये त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. पुढे ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारेवर दांडा सरकवून तीवर राग वाजविले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीतून ते घरोघर पोहोचले. पडद्यांचा करारच त्यांनी बाजूस सारला, आणि तोही मान्यच केला पाहिजे असा मार्ग आहे.

आता अभ्यासाविषयी. कामावरून येणाऱ्या माणसाजवळ दिवसाचा अर्धा तास असतो असे धरून आम्ही सांगतो. पहिली पाच मिनिटे एकाच तारेवर एकच स्वरमाला वाजवावी आणि प्रत्येक स्वर तोंडाने म्हणावा. पडद्याचा आकडा म्हणू नये. सा, रे, ग म्हणावे. जे तोंडात नाही ते बोटांत आले तरी ती उपज नव्हे, ती केवळ बोटांची सवय. पुढची दहा मिनिटे पाच स्वरांच्या चौकटीतले तीनच स्वर निवडावे आणि त्यांतच वाक्ये रचावी: एक सवाल, एक जवाब. तीन स्वरांत लांब-आखूड करता येते, जोर बदलता येतो, मध्येच थांबता येते. ज्याला तीन स्वरांत बोलता येत नाही, त्याला सात स्वरांत बडबडता येईल, बोलता येणार नाही. त्यापुढची दहा मिनिटे तीन कॉर्डचे आवर्तन फोनवर मुद्रित करून ठेवावे, त्याबरोबर वाजवावे आणि कॉर्ड बदलताना वर सांगितलेले एक पाऊल बरोबर मात्रेवर पडते का ते पाहावे. उरलेली पाच मिनिटे आवडत्या वादकाच्या दोन-चार मात्रा कानाने ऐकून उतरवाव्या. कागदावरून नव्हे, कानाने. मात्रा मिनिटाला साठ ठेवाव्या, घड्याळाच्या काट्याइतक्या. वेग हा मागून येणारा पाहुणा आहे, त्याला बोलावणे पाठवावे लागत नाही.

आणखी एक. गवयाला आणि बासरीवाल्याला श्वास घेण्यासाठी थांबावे लागते, म्हणून त्यांच्या गाण्यात विराम आपोआप येतात. गिटारवाल्याचा श्वास संपत नाही. त्याने विराम ठरवून घ्यावा लागतो. सभेत जो सारखा बोलतो त्याचे कोणी ऐकत नाही, हे आम्ही पुष्कळ वर्षे पाहत आलो आहोत.

'पण आमची बोटे आता जड झाली' असे कोणी म्हणेल. जांगो राइनहार्ट यांचे उदाहरण पाहा. १९२८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची करंगळी व अनामिका निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांनी त्यांनी दांडीवर नव्या वाटा काढल्या आणि पॅरिसमध्ये १९३४ पासून जे वाजविले ते जगाने कानात साठविले. १९६५ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या मुलाची, कामाच्या शेवटच्या दिवशी, उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. तो डावरा, म्हणजे तार दाबण्याची बोटे तीच. त्याच्या मुकादमाने त्याला जांगोची तबकडी ऐकविली. मग त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, वर चामडे लावले, बारीक तारा चढविल्या आणि वाजविले. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या मंडळीच्या १९७० च्या पहिल्या तबकडीतील शीर्षकगीत षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम अशा तीनच टप्प्यांवर उभे आहे. तीन स्वर पुरतात, असे आम्ही मघाशी म्हटले ते उगीच नव्हे. मात्र ही कथा सांगून कोणी कारखानदार मोकळा होऊ पाहील तर आम्ही त्याला सोडणार नाही. यंत्रात बोट जाणार नाही अशी व्यवस्था करणे हे कारखान्याचे कर्तव्य आहे. बोट गेल्यावर माणसाने पराक्रम केला म्हणून ते कर्तव्य संपत नाही.

तेव्हा उपजेला दैवी देणगीची अट नाही. दहा धडधाकट बोटांचीही नाही. एकच अट आहे, ती वेळेची. रोज अर्धा तास, आणि तो थकून गळून गेलेला अर्धा तास नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. १८८६ च्या मे महिन्यात शिकागोचे कामगार आठ तासांच्या दिवसासाठी रस्त्यावर उतरले. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. हे सारे झगडे पोटासाठी होते, तसेच पोटापलीकडच्या जगण्यासाठीही होते. आज कंत्राटावर राबणारा तरुण दोन पाळ्या करून रात्री दहाला घरी येतो, तेव्हा त्याच्याकडून केवळ विश्रांती हिरावली जात नाही. तो जे गाणे रचू शकला असता तेही हिरावले जाते. त्याला दुसऱ्याचे गाणे ऐकण्यापुरता वेळ मिळतो. स्वतःचे काढण्यापुरता मिळत नाही. ऐकणारे कोट्यवधी आणि वाजविणारे मूठभर, अशी जी वाटणी झालेली दिसते, ती बुद्धीची वाटणी नाही. ती तासांची वाटणी आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. गावोगावच्या संघटनांच्या कचेऱ्या आणि वाचनालये संध्याकाळी सातनंतर बहुधा रिकामी असतात. तेथे वर्गणी काढून एक गिटार ठेवावी. दहाजणांनी ती आळीपाळीने घ्यावी. एकाने कॉर्ड धरावा, दुसऱ्याने तीन स्वर घ्यावे, इतरांनी हाताने मात्रा धरावी. एकट्याने घोटलेली स्वरमाला पाठांतर राहते. दुसऱ्याचे ऐकून त्याला उत्तर दिले की तीच उपज होते. चुकला तर कोणी हसू नये, आणि बरोबर आला तर लगेच डोक्यावर घेऊ नये. गिटार एकच असल्यामुळे बाकीच्या नऊजणांना ऐकावे लागेल. आणि ऐकणे हा या विद्येचा निम्मा भाग आहे.

कोणास ब्लूजचे ते एक पाऊल प्रत्यक्ष पाहावयाचे असेल तर बाहेरच्या ओसरीवर गिटार ठेवलेली आहे. सभा संपल्यावर यावे.